बंदुकीच्या टोकाचं कुंकू

पुण्यात असताना माझा नवरा झुरळ मारायलाही मला हाक मारायचा. तो माणूस परदेशात, हॅमिल्टनच्या रोटोटुना भागात घर घेईल, दुधाची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत नोकरी करेल, इथपर्यंत माझी कल्पनाशक्ती पोचली होती. तो हरणाच्या शिकारीसाठी बंदूक घेईल, हे मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला पाणी प्यायला देऊन बसवलं असतं.

याला कारण आमचा शेजारी. आयुष्यभर गाई पाळून निवृत्त झालेला एक उंच, वाकलेला गोरा म्हातारा. बायको गेल्यावर त्याने शेत विकलं आणि आमच्या कुंपणापलीकडे राहायला आला. कुंपणावर कोपर टेकून तो शिकारीच्या गोष्टी सांगायचा आणि माझा नवरा ऑफिसच्या मीटिंगमध्ये कधी ऐकत नसेल इतक्या भक्तीने ऐकायचा. त्याच्याकडे एकसारख्या दोन जुन्या बंदुका होत्या, लिव्हर-अ‍ॅक्शनच्या. चापाखाली लोखंडाची कडी असते, ती खाली-वर केली की रिकामं काडतूस वरून उडतं आणि नवं आत जातं. त्यातली एक त्याने नवऱ्याला विकायचं कबूल केलं.

मग परवान्याचं शिक्षण झालं, परीक्षा झाली आणि चौकशीला एक गृहस्थ घरी आले. त्यांनी नवऱ्याला बाहेर बसवलं आणि मला एकटीला विचारलं, "भांडण झालं की तुमचा नवरा काय करतो?" मी म्हटलं, "गाडी धुतो." त्यांनी खिडकीतून आमच्या चकचकीत गाडीकडे पाहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला. मनाने तो शांत आहे, जबाबदार आहे, असं मी छातीठोकपणे सांगितलं आणि ते खरंच होतं. डोळ्यांचा विषय काही निघाला नाही.

परवाना आला, बंदूक आली, तिच्यासाठी भिंतीला ठोकलेलं लोखंडी कपाट आलं. आणि मग सुरू झाला तो वाद, ज्याने आमच्या घराचे सहा महिने खाल्ले: बंदुकीवर दुर्बीण लावायची, की लोखंडी साइट्सवरच नेम धरायचा?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण मला नको तितकं माहीत झालं आहे. लोखंडी साइट्स म्हणजे डोळ्याजवळ एक खाच आणि नळीच्या टोकाला मोहरीएवढा मणी. खाचेत मणी, मण्यावर हरीण, असं तिन्ही एका रेषेत आलं की चाप ओढायचा. दुर्बीण लावली की ही कसरत वाचते. आत एक फुली दिसते, ती हरणावर ठेवायची. हे ऐकून कोणीही शहाणा माणूस दुर्बीण लावेल. पण हा वाद शहाण्यांचा नव्हता.

म्हाताऱ्याचं मत पक्कं होतं. दुर्बीण शहरातल्यांसाठी. ज्याला हरणाच्या जवळ चालत जाता येत नाही, तो काच लावतो. शिवाय या बंदुकीचं रिकामं काडतूस वरून उडतं, म्हणजे दुर्बीण बाजूला बसवावी लागते. बंदूक एकीकडे कलते. हातात धरून चालण्याची तिची सगळी मजा जाते. आणि इथल्या बुशमध्ये, म्हणजे जंगलात, इतकी ओल असते की काचेवर वाफ धरते. नवऱ्याने हे सगळं ऐकलं, त्यावर इंटरनेटवर अजून वाचलं आणि शनिवारी जेवायला जमलेल्या आमच्या मराठी मंडळींपुढे मांडलं. तिथे लगेच दोन तट पडले. एकाने दुर्बिणीचा पक्ष घेतला, दुसऱ्याने लोखंडाचा, आणि तिसरा "इट डिपेन्ड्स" म्हणत दोन्हीकडच्या प्लेटमधलं पनीर खात राहिला. यांच्यापैकी एकानेही आयुष्यात दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलापलीकडे काही उडवलं नव्हतं. पण पुण्याच्या माणसाला मत असण्यासाठी अनुभव लागतो, असं कोण म्हणतं?

सासूबाई तेव्हा आमच्याकडे आल्या होत्या. त्या कोपऱ्यात बसून मटार सोलत ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, "दोन्ही लावता येत नाहीत का रे?"

सगळे हसले. दोन्ही खरंच लावता येतात, हे मला पुढे कळलं.

"आणि मारलेलं हरीण ठेवणार कुठे?" सासूबाई म्हणाल्या. "माझ्या दह्याशेजारी नको."

खरी गोष्ट मला एका थाई हॉटेलात कळली. नवऱ्याने मेनूकार्ड हात पुरेल तितकं लांब धरलं, मग मूठ गोल करून तिच्या भोकातून एक डोळा लावून वाचलं. आमची मुलगी म्हणाली, "बाबा, दॅट्स सो एम्बॅरसिंग." मला मात्र उलगडा झाला. त्याला चाळिशी लागली होती, आणि आजची नव्हे, चांगली दोन-तीन वर्षं. लांबचं लख्ख दिसत होतं. हाताच्या अंतरातलं सगळं धूसर. म्हणजे हरीण दिसणार, खाच आणि मणी दिसणार नाहीत. चष्म्याचं नाव काढलं की तो म्हणायचा, "लाइट कमी आहे इथे." आमच्या घरात दोन-तीन वर्षं लाइट कमी होता.

आणि म्हातारा? त्याचं नेमकं उलटं. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. एका सकाळी त्याने आमच्या फाटकाजवळच्या कचऱ्याच्या डब्याला हात करून "किया ओरा" म्हटलं आणि उत्तराची वाट पाहत थांबला. मी घाईने बाहेर जाऊन डब्याच्या वतीने उत्तर दिलं.

हॅमिल्टनबाहेरच्या नेमबाजीच्या रेंजवर दोघं सरावाला गेले तेव्हा मी मुद्दाम सोबत गेले. शेजारी-शेजारी दोन कागदी निशाणं लावली होती. नवऱ्याच्या कागदावर एकही भोक पडलं नाही. म्हाताऱ्याच्या कागदावर त्याने गोळ्या झाडल्या त्याहून जास्त भोकं निघाली. ती त्याने स्वतःच्या नावावर धरली आणि नवऱ्याने धरू दिली. मोठ्या माणसाला तुमचं चुकतंय, तुम्हाला दिसत नाही, हे तोंडावर कसं सांगायचं? आपल्यावर संस्कार आहेत ना.

मला हसू आलं आणि परतताना गाडीत ते विरलं. हे दोघं भरलेल्या बंदुका घेऊन एकाच जंगलात शिरणार होते. कोणाच्या तरी नेमात कोणीतरी येणार, आणि ज्याच्याबद्दल मी त्या गृहस्थांना खात्री दिली होती तोच चाप ओढणार. मला भीती वाटली.

"तुला जवळचं दिसत नाही, त्यांना लांबचं दिसत नाही," मी म्हटलं.

"म्हणजे दोघांचं मिळून पूर्ण होतं," नवरा म्हणाला.

"दुर्बीण लाव. तूच सांगितलंस, त्यात सगळं एकाच वेळी स्पष्ट दिसतं. नाहीतर जाऊ नकोस."

त्याने गाडी धुतली.

असं सगळं असताना दसरा आला. सासूबाईंनी आदल्या दिवसापासून पूजेची तयारी केली. लॅपटॉप, गाडीची किल्ली, माझा मिक्सर, मुलीचा कॅल्क्युलेटर, सगळं पाटावर मांडलं. झेंडू कुठून मिळणार, म्हणून म्हाताऱ्याच्या बागेतली उरलीसुरली डॅफोडिल्स आणली. "आणि खरं शस्त्र कपाटात ठेवता होय?" त्या म्हणाल्या. नवऱ्याने बंदूक काढली, रिकामी असल्याचं दोनदा तपासलं आणि पाटावर ठेवली. सासूबाईंनी तिला दस्त्याकडून नळीकडे हळद-कुंकू वाहिलं आणि शेवटचं बोट टोकाच्या त्या मण्यावर टेकवलं. मण्याला नुकतंच तेल लावलेलं होतं. कुंकू घट्ट बसलं.

संध्याकाळी नवरा बंदूक परत ठेवायला गेला तो बराच वेळ आलाच नाही. मी जाऊन पाहिलं तर तो बंदूक खांद्याला लावून भिंतीवरच्या घड्याळावर नेम धरत होता.

"दिसतंय," तो म्हणाला. "लाल आहे ना, त्यामुळे दिसतंय."

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याला दाखवायला नेली. त्यानेही ती खांद्याला लावली, बराच वेळ तशीच धरली आणि विचारलं, "तुझ्या मदरने हे काय लावलंय?" मग तो आत जाऊन स्वतःची बंदूक घेऊन आला. सासूबाईंनी तिलाही कुंकू लावलं, आणि पद्धत म्हणून त्याच्या कपाळालाही. तो म्हणाला, "स्वीट अ‍ॅज," म्हणजे इथल्या भाषेत एकदम झकास. सहा महिन्यांचा वाद एका बोटाने मिटला. लोखंड जिंकलं आणि माझी दुर्बीण हरली.

पुढच्या शनिवारी पहाटे दोघं तौपोच्या पलीकडच्या डोंगरात गेले. नवऱ्याने शर्टाच्या वरच्या खिशात सासूबाईंचा कुंकवाचा छोटा करंडा ठेवला होता, मण्यावरचं पुसलं तर पुन्हा लावायला. मी स्वतः गणपती सोडले तर टिकलीही लावत नाही. माझ्या कुंकवाचा धनी कुंकू घेऊन शिकारीला निघाला होता. हे मी सासूबाईंना हसत सांगितलं. त्या हसल्या नाहीत.

दुपारपासून पावसाची बारीक झिमझिम सुरू झाली. तिकडे फोन लागत नव्हता. मी उगाचच कपाटं आवरली. सासूबाईंनी जप धरला होता आणि मी तिथून गेले की त्या माळ थांबवून माझ्याकडे बघायच्या. अंधार पडता पडता म्हाताऱ्याची यूट, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी, दारात लागली. नवराच चालवत होता. तो उतरला आणि दिव्याखाली आला.

त्याची छाती लाल होती. खिशापासून पोटापर्यंत लाल ओघळ, हात लाल, गालावर लाल. त्याचं आहे की म्हाताऱ्याचं, एवढंच डोक्यात घुमत होतं. मी यूटकडे पाहिलं. आत काही हलत नव्हतं. मी पायरीवर बसले.

"कुंकू आहे ते," मागून सासूबाई म्हणाल्या. त्यांनी पुढे होऊन लेकाच्या शर्टाचा वास घेतला. "माझा करंडा सांडलान याने."

मग यूटचं दुसरं दार उघडलं आणि म्हातारा सावकाश पाय चाचपत खाली उतरला.

मी काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. मी रडत होते आणि बोलत होते आणि नवरा ओल्या कपड्यांत उभा राहून ऐकत होता. या वेळी तो गाडी धुवायला गेला नाही.

चहा झाल्यावर त्याने सांगितलं. एका मोकळ्या गवतात हरीण चरत होतं, आमच्या घरापासून बसस्टॉप असेल तितकंच लांब. त्याने बंदूक उचलली. पावसाने मणी केव्हाच धुतला होता. हरीण लख्ख दिसत होतं, पण पुढे नुसती एक करडी रेघ थरथरत होती. म्हातारा कानाशी कुजबुजला, "नाऊ, मेट." नवऱ्याने मान वळवून पाहिलं तर म्हातारा भलत्याच झुडपाकडे बोट दाखवत होता.

"मग?"

"मी घोडा हळूच खाली घेतला. त्याला म्हटलं, मला दिसत नाहीये." नवरा कपाकडे बघत होता. "त्याने बोट खाली घेतलं. मग म्हणाला, मलाही नाही."

दोघं ओल्या गवतात बसून राहिले आणि हरीण पोटभर चरून निघून गेलं. परत येताना ओढ्यात नवऱ्याचा पाय घसरला आणि करंडा उघडला. एवढीच काय ती शिकार.

"बरं झालं," सासूबाई म्हणाल्या. "दही राहिलं."

त्यानंतर म्हाताऱ्याने मोतीबिंदू काढून घ्यायला नाव नोंदवलं. नवऱ्याने चष्मा आणला आणि लगेच नवीन अडचण निघाली: चष्म्यातून मणी दिसायचा, पण हरणाच्या जागी धुकं. तेव्हा अखेर दुर्बीण आली. म्हातारा कुंपणावरून म्हणाला, "सिटी बॉय," आणि ती बसवायचे बारीक स्क्रू-ड्रायव्हर स्वतःच्या गॅरेजमधून काढून दिले.

रविवारी सकाळी नवरा जेवणाच्या टेबलावर ती बसवत होता. स्क्रू इतके छोटे होते की मला टॉर्च धरून अगदी जवळ वाकावं लागलं. त्याने चष्मा नाकावर नीट केला, एक स्क्रू पिळला, दुसरा घेण्यासाठी मान वर केली आणि तसाच थांबला.

"हे काय झालंय तुझ्या गालाला?"

डोळ्याच्या खाली, मोहरीएवढा काळा डाग. दोन वर्षांपूर्वी फोडणी उडाली होती. तेव्हा मी त्याला असाच चेहरा जवळ नेऊन दाखवला होता, आणि त्याने बघून म्हटलं होतं, "काही नाहीये, दिसतसुद्धा नाही." मी ते मनात धरलं होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली की नवरे बघायचं सोडतात, असं मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं होतं आणि भांडलेही नव्हते.

"फोडणीचा चटका," मी म्हटलं. "तुला दाखवला होता."

त्याला आठवलं. त्याने स्क्रू खाली ठेवला आणि त्या डागावर बोट टेकवलं.

"मला खरंच दिसला नव्हता गं."

मी टॉर्च धरून तशीच वाकलेली राहिले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि इतक्या जवळून आता ते त्याला दिसणार होतं.