फुल इन्शुरन्सची गाडी

बार्शीटाकळीच्या सरकारी दवाखान्यात मी नर्स होते. अकोल्याहून रोज एसटीचे धक्के खाणं सुटावं म्हणून जुनी गाडी घेतली आणि स्टँडसमोरच्या एजंटाकडून तिचा विमा उतरवला. "फुल इन्शुरन्स हाये, सिस्टर. आग, चोरी, गारपीट, सारं बसते," म्हणत त्यानं पावतीवर स्वतःच्या हातानं 'फुल' लिहून दिलं. विम्याचा कागद मी वाचलाच नाही.

त्या फाल्गुनात लिंबाएवढ्या गारा पडल्या. दहा मिनिटांत गाडीची काच फुटली, टप चेचून निघाला. अकोल्याच्या विमा ऑफिसातल्या कारकुनानं कागद उलटून पाहिला. "हा थर्ड पार्टी आहे, मॅडम. तुमच्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान केलं तर त्याला मिळेल. तुमच्या गाडीला काही नाही."

म्हणजे एजंटानं पैसे फुलचे घेतले होते आणि कागद स्वस्तातला दिला होता. मी तडक त्याच्या दुकानात गेले. गारांनी पीक गेलेले चार-पाच शेतकरी बसले होते. त्यांच्याकडं बघत तो म्हणाला, "लोकायचा गहू झोपला, आन् तुमी गाडीचं रडनं घेऊन आल्या, सिस्टर? लाज वाटू द्या."

मला खरंच लाज वाटली. त्या वर्षांत विष प्यायलेले शेतकरी आमच्याच दवाखान्यात यायचे. मान खाली घालून बाहेर पडले. घरी पोचेपर्यंत मात्र त्या लाजेचा संताप झाला होता. हा माणूस त्यांच्या दुःखाआड लपत होता!

काच तेवढी बसवली, पोचे तसेच ठेवले. डेंटिंगवाले चाचा म्हणाले, "बेटी, ऐसी गाडी लेके घूमेगी?"

"घुमानाच है, चाचा."

मागच्या काचेवर पाटी लावली: 'या गाडीचा फुल इन्शुरन्स समोरच्या दुकानात काढला.' रोज सकाळी गाडी त्याच्या दुकानासमोर लावायची आणि ड्युटीवर जायचं. लोक पोच्यांवरून बोटं फिरवत. संध्याकाळी कोणी विचारलं की मी पावती आणि कागद दोन्ही दाखवायचे. मग ट्रॅक्टरवाले, काळी-पिवळीवाले आपापले कागद तपासून घेऊ लागले. कितीतरी जणांचं तसंच निघालं.

एक दिवस तो दवाखान्यात आला. "सिस्टर, उद्या पोरीले पाहाले पाहुणे येऊन राहिले. दुकानही पाहातीन. एक दिवस गाडी हालवा. हात जोडतो."

"लोकायचा गहू झोपला न, भाऊ," मी म्हटलं. "तुमी गाडीचं काय घेऊन बसले?"

दुसऱ्या दिवशी मी नेहमीपेक्षा लवकर जाऊन गाडी लावली आणि शेजारच्या हॉटेलात बसले. पाहुण्यांनी पाटी वाचली, आत गेले आणि थोड्याच वेळात उठून निघाले. त्या दिवशी चहा फार गोड लागला.

सगळ्यांच्या तक्रारी गेल्यावर कंपनीनं त्याची एजन्सी काढून घेतली. माझ्या टपाचा खर्च त्यानं निमूट दिला. मुलीचं लग्न पुढं दुसरीकडं जमलं, असं कळलं. तिची आठवण आली की अजून वाईट वाटतं. त्याच्यासाठी मात्र कधीच नाही.