बारवेवरची हाक

त्या काळात माझा देवावरचा विश्वास पार उडाला होता, हे आधीच कबूल करते. केम या आमच्या गावी, घरच्या विहिरीत माझी थोरली बहीण बुडाली आणि वर्षभरात तिची हाक मला ऐकू येऊ लागली, तीही भर दुपारी. "ये की गं, पाणी लई गोड हाय." एकदा मी तशीच विहिरीकडे निघाले, तेव्हा वडिलांनी ओढून आणलं. अंगारेधुपारे झाले. शेवटी बहात्तरच्या दुष्काळानंतर दोनेक वर्षांनी मला सोलापुरात, शुक्रवार पेठेत मामांकडे ठेवलं. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते.

पेठेतल्या एका धर्मशाळेच्या ओसरीवर एक डॉक्टरीणबाई असे आवाज ऐकू येणाऱ्या आठदहा तरुण मुलामुलींना रोज जमवत. कोंडून ठेवण्यापेक्षा चार माणसांत राहून बरं व्हावं, असं त्यांचं म्हणणं. आम्ही गोळ्या घ्यायचो आणि आसपासच्या मागांसाठी कांड्यांवर सूत भरायचो. प्रत्येकाला एक जोडीदार होता. आवाज आला की त्याला विचारायचं, "ऐकलंस?" त्यानेही ऐकला असेल तरच ओ द्यायची, नाहीतर काम पुढे चालू. माझी जोडीदारीण मेहरून. तिलाही आवाज यायचे. "मैं तो नै सुनी गे, तू कांडी भर," असं ती ठसक्यात म्हणायची आणि मला चक्क हसू यायचं. त्या एका प्रश्नावर मी सहा महिने तगले. मामी ज्यांना मानायची त्या अक्कलकोटच्या स्वामींपेक्षा माझा मेहरूनवर जास्त भरवसा होता.

एका गुरुवारी मामी मला अक्कलकोटला घेऊन गेली. मठात महाप्रसादाच्या पंगती बसत होत्या. गर्दीत जीव गुदमरला म्हणून मी बाहेर पडले आणि चालत चालत गावाबाहेरच्या एका जुन्या बारवेपाशी आले. ऊन रणरणत होतं. झाडाचं पान हलत नव्हतं, कावळासुद्धा ओरडत नव्हता. तेवढ्यात खालून, पाण्यातून, ताईची हाक आली. इतक्या जवळून ती कधीच आली नव्हती. मेहरून तर सोलापुरात. वरच्या पायरीवर एक म्हातारी लुगडं पिळत बसली होती. मला वेडी म्हणेल तर म्हणू दे, असं ठरवून मी तिला विचारलं, "आजी, ऐकलंत का?"

"व्हय की," ती मान वर न करता म्हणाली. "पानी गोड हाय म्हंतीया. सकाळधरनं बोलवतीया."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. ते शब्द मी मेहरूनलाही कधी सांगितले नव्हते. आणि आमचा नियम तर मला पाठ होता, दुसऱ्याने ऐकलं म्हणजे हाक खरी. मी ओ दिली आणि दोन पायऱ्या उतरलेसुद्धा.

"ब्याड, ब्याड!" नको, नको, असं म्हातारी कानडीत ओरडली आणि तिने माझं मनगट धरलं. हात ओला, थंडगार. "ऐकू आलं म्हनून जायाचं असतं व्हय? मला रोज येतंय. म्या न्हाय जात. स्वामींना म्हनते, तुमीच बघा तिच्याकडं, मला भाकरी थापायच्यात."

मी तिथेच हमसून हमसून रडले. ताई तिथे एकटी आहे आणि मी तिला टाकून जगतेय, हीच बोच मला खाली ओढत होती. तिच्याकडे बघणारं कुणी आहे, हे मला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हातारी कोण होती, तिला ते शब्द कसे कळले, याचा शोध मी घेतला नाही. मामी म्हणते, ते स्वामीच. डॉक्टरीणबाई मात्र हे ऐकल्यावर दुसऱ्या दिवसापासून ओसरीवर सगळ्यांना सांगू लागल्या की दोघांनी ऐकलं तरी जायलाच हवं असं नाही.

मन निर्मळ झाल्याशिवाय देवापुढे जाऊ नये, असं मला वाटायचं. आता वाटतं, जे आपल्याच्यानं आवरत नाही ते तसंच नेऊन त्याच्या पायाशी ठेवावं. त्या दुपारी मठात परतल्यावर मी हात जोडले आणि म्हटलं, "ताई तुमच्याकडे आहे. तिला सांभाळा." मामी माझ्यासाठी जेवायची थांबली होती. तिच्याशेजारी पंगतीला बसले आणि कितीतरी महिन्यांनी पोटभर जेवले.