सविताचं लेकरू आणि लातूरची खोली

बाळ दूध ओढत नव्हतं आणि बाळंतिणीच्या सासूबाई वाटीत शेळीचं दूध घेऊन बसल्या होत्या. मी मुखेड तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर नर्स होते. बाळंतिणीच्या घरी जाऊन माय-लेकराला तपासणं हे माझं काम. हे बाळ दिवस भरायच्या आधीच जन्मलेलं. अंग गार, आवाज क्षीण.

त्याची आई सविता भिंतीला टेकून बसली होती. अठरा वर्षंही पुरी झाली नव्हती. बाळाला हात लावायची तिला भीती वाटत होती.

"पहिलं बाळंतपण, माहेरी नाही गेलीस?" मी विचारलं.

"माय लातूरला हाय, सिस्टर. भावाची बारावी. ट्यूशन लावलीय, खोली केलीय. माय तिथं त्याला रांधून घालून राहिली."

त्या काळात आमच्याकडे अशी बरीच घरं होती. पोरगा डॉक्टर होणार म्हणून आई लातूरला, बाप शेतात, आणि पोरीचं लग्न उरकलेलं.

"शेळीचं दूध त्याला पचायचं नाही," मी म्हणाले. "नांदेडला न्या. आजच."

"ओली बाळंतीण उंबरा वलांडत न्हाई," सासूबाई म्हणाल्या. "तिच्या मायला इचारा. ती म्हणंल तसं."

सविता उठली. बाळाला पदरात गुंडाळलं. "मीच इचारते," म्हणाली आणि थेट एसटीडी बूथवर गेली. आम्ही दोघी मागं.

"माय, लेकरू दूध पिईना. येतीस का?" तिनं पलीकडचं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरं. होऊ दे त्याची परीक्षा." फोन ठेवून डोळे पुसले. "जीप कुठं मिळंल, सिस्टर?"

सासूबाई मागं फिरल्या. घरी जाऊन कपड्यांची पिशवी घेऊन आल्या. "एकलीला कसं सोडू?"

मीही त्यांच्याबरोबर जीपमध्ये बसले. नांदेडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी बाळाला सविताच्या उघड्या छातीशी ठेवलं, वरून शाल. आईच्या अंगाची ऊब बाळाला मिळते. याला कांगारू पद्धत म्हणतात. दूध पिळून चमच्यानं पाजायचं. पहिल्यांदा सगळं सांडलं.

"जमंना मला."

"पुन्हा कर," मी म्हणाले.

तिनं पुन्हा केलं. दिवसभर तेच करत राहिली. बसल्या बसल्या तिला डुलकी लागली तेव्हा सासूबाईंनी चोळीची गाठ सोडली. "आणा हिकडं त्याला." ऊब कुणाच्याही अंगाची चालते, हे त्यांनी ऐकून ठेवलं होतं.

बाळ हळूहळू स्वतः ओढायला लागलं. परीक्षा संपल्यावर माय आली, तेव्हा त्याला कसं धरायचं हे सविताच तिला दाखवत होती.

तेव्हापासून गृहभेटीला गेले की मी बाळंतिणीला आधी विचारते, "तुझ्याजवळ कोण आहे?" बाळाची चौकशी नंतर करते.