आजोबांचा खडक आणि माझी यादी

मी जन्मात मासा खाल्लेला नाही, तरी ऑकलंडच्या समुद्रात शनिवार आला की मासे पकडायला जायचे. कारण मासे नव्हतेच, फिशफाइंडर होता. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये उमेदीची वर्षं घातलेल्या बाईला एखादं यंत्र ‘पाण्याखाली काय आहे ते मला माहीत आहे’ असं छातीठोकपणे सांगायला लागलं, की ते खोटं पाडल्याशिवाय तिला चैन पडत नाही.

यंत्र माझं, बोट शेजारच्या आजोबांची. आम्ही ऑकलंडमधल्याच माउंट वेलिंग्टन भागात राहायला आलो तेव्हा माझी मुलगी त्या गोऱ्या शेजाऱ्यांना आजोबा म्हणायला लागली, मग आम्ही सगळेच. पंच्याहत्तरीचे, एकटे. बायको गेलेली, मुलगी तिकडे दूर, ‘ते रापा’ नावाच्या ठिकाणी. त्यांची छोटी ॲल्युमिनियमची बोट घराच्या बाजूला ट्रेलरवर उभी असायची. दोन हजारनंतरची ती वर्षं. फोन अजून साधेच होते, पण बोटी पाण्यात सोडायच्या रॅम्पवर उतरणाऱ्या प्रत्येक बोटीवर रंगीत स्क्रीन दिसायला लागला होता. आजोबांच्या मासेमारीच्या क्लबात दरवर्षी सर्वांत मोठा स्नॅपर मासा पकडायची स्पर्धा व्हायची आणि अलीकडे ती स्क्रीनवालेच जिंकायचे. मी एक जुना फिशफाइंडर विकत घेतला, त्यात जीपीएसही होता, आणि बसवू का म्हणून विचारलं.

“बसव हवं तर,” आजोबा म्हणाले. “फक्त बोटीला भोक पाडू नकोस.”

मग माझे प्रयोग सुरू झाले. यंत्र खाली आवाज सोडतं आणि परत येणारा प्रतिध्वनी ऐकून चित्र काढतं. तळ टणक असेल तर रेघ जाड, चिखल असेल तर फिकट. मासा दिसतो तो कमानीसारखा. तो तसा का दिसतो, यावर मी दोन रात्री घालवल्या. बोट माशाच्या डोक्यावर आली की अंतर कमी, पुढे गेली की पुन्हा जास्त, म्हणून कमान. केवढा आनंद झाला मला. नवऱ्याला कागदावर काढून दाखवलं, तो म्हणाला, “छान, आता जेवायला वाढ.”

आजोबांची पद्धत वेगळी. शिशाच्या वजनाला खालून खळगा होता, त्यात ते लोणी भरायचे आणि दोरीने तळापर्यंत सोडायचे. वर आलं की लोण्याला काय चिकटलंय ते अंगठ्याने चाचपायचे. “वाळू आणि शिंपले,” ते म्हणायचे. मी स्क्रीन बघायचे, तिथेही तेच. सहा वेळा ताडून पाहिलं, पाच वेळा दोघांचं जुळलं. सहाव्या वेळी यंत्र चुकलं होतं. आजोबा मात्र स्क्रीनकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. म्हातारा हट्टी आहे, असं मी धरून चालले होते.

त्यांचा एक खास खडक होता. समोरच्या बेटावरची पांढरी टाकी बरोबर जमिनीच्या टोकावर आली आणि त्याच वेळी दुसरीकडचं एकटं पाइनचं झाड लाल शेडच्या छपरावर आलं, की खाली तो खडक. गाडी मी चालवायची, कारण त्यांचा गुडघा दुखायचा. सुकाणू मी धरायचं, कारण त्यांना मला शिकवायचं होतं. “टाकी कुठे आली? झाड?” ते विचारत राहायचे, मी सांगत राहायचे, आणि ते म्हणायचे, “टाक नांगर.” किती चिकाटीने शिकवतात, मला कौतुक वाटायचं. एकदा तिथे पोचल्यावर मी यंत्राचं बटण दाबलं आणि जागेचे आकडे साठवले. दुसऱ्या वेळी टाकी न बघताही नेमकी तिथे पोचले. त्या दिवशी मी हवेत होते.

आता माझा पराक्रम ऐका. आमच्या मराठी मंडळींची एक मेलिंग लिस्ट होती. हेन्डरसनला कुठल्या दुकानात कढीपत्ता ताजा मिळतो, शेवग्याच्या शेंगा कोणाकडे येतात, हे ज्याला कळेल त्याने सगळ्यांना कळवायचं. नवीन आल्यावर पहिल्या आठवड्यात आपल्यालाही असंच कोणीतरी सांगितलेलं असतं. माहिती दडवणारा माणूस आमच्यात कद्रू ठरतो. या सगळ्याची एक्सेलची यादी माझ्याकडे होती. मालवणकडची दोन-तीन कुटुंबं ताज्या मासळीसाठी जीव टाकत होती. मी एक ओळ वाढवली: ताजे स्नॅपर. पुढे अक्षांश, रेखांश. आगाऊपणा म्हणजे, कुठल्या भरतीला जावं तेही लिहिलं आणि यादी सगळ्यांना पाठवली. टाकी आणि झाड लिहिलं असतं तर कोणाला काही कळलं नसतं. आकडे कोणीही यंत्रात घालू शकतो, आणि मेल पुढे ढकलायला किती वेळ लागतो?

स्पर्धेच्या सकाळी आम्ही पोचलो तर खडकावर जत्रा. एका बोटीतून ओळखीचा गृहस्थ हात हलवून ओरडला, “वहिनी, एकदम भारी जागा दिलीत.” बाकीच्या बोटी आजोबांच्या क्लबातल्या.

“किती आहेत?” आजोबांनी विचारलं.

“दिसतायत ना. अकरा.”

“मला इंजिनं सातच ऐकू येतायत.”

मी त्यांच्याकडे बघितलं. ते बोटींच्या दिशेने बघत होते, पण थोडं बाजूला. गुडघा, सुकाणू, टाकी कुठे आली, सगळं एकदम माझ्या डोक्यात शिरलं. मी त्यांच्याबरोबर येत होते ती दोन वर्षं त्यांना मधोमधचं काही दिसत नव्हतं, फक्त कडेकडेचं.

मी यादीचं सगळं सांगून टाकलं. लपवण्यात अर्थ नव्हता.

“सख्ख्या भावाला ही जागा दाखवली नव्हती मी,” आजोबा म्हणाले. “नवीन शोधायला डोळे लागतात. वळव बोट.”

एकही गळ न टाकता आम्ही परतलो. रॅम्पवर बोट ट्रेलरवर चढवताना त्यांनी माझा दंड धरला. “डोळ्यांचं मुलीला कळलं तर त्याच दिवशी ही बोट विकली जाईल. हेही यादीत घालणार आहेस?”

मला रडू फुटलं. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

पुढच्या शनिवारी मीच जाऊन त्यांचं दार वाजवलं. यंत्र काढून टाकते म्हटलं. “काढू नकोस,” ते म्हणाले. “नवीन खडक शोधायचाय. खालचं तू बघ, काय आहे ते मी हाताने सांगतो.” तीन शनिवार हिंडलो, तेव्हा एक छोटासा उंचवटा सापडला.

त्याच महिन्यात त्यांची मुलगी आली. मी कपडे वाळत घालत होते, ती कुंपणापाशी येऊन हळूच म्हणाली, “तू बाबांबरोबर जातेस ना? मला खरं सांग. त्यांना समुद्रावर नीट दिसतं ना?”

माझ्या हातात ओला टॉवेल होता. तो मी पुन्हा एकदा पिळला.

“मी असते बरोबर,” मी म्हटलं. “दर वेळी. एकटे ते कधीच जात नाहीत.”

तिचा जीव भांड्यात पडला. मी खोटं बोलले नव्हते. पण ते खोटं ठरू द्यायचं नसेल तर आता मला एकही शनिवार चुकवता येणार नव्हता. पुढची चार वर्षं मी चुकवला नाही.