शाळेच्या बाजारात मराठी बंद!

"ताई, मला एक परकं गिऱ्हाईक पाहिजे. तू ये!"

फोन माझ्या धाकट्या बहिणीचा, मनीषाचा. ती पाथर्डी तालुक्यातल्या एका वस्तीवर प्राथमिक शाळेत शिकवते. शाळेत मुलं भाजीबाजार भरवणार होती आणि अट एकच, सगळा व्यवहार इंग्रजीत. गावकरी गिऱ्हाईक झाले की दुसऱ्याच वाक्याला मराठीत घासाघीस सुरू करतात, म्हणून माझी वर्णी लागली. नातेवाइकांत माझं इंग्रजी फार चांगलं असा समज आहे, आणि मी तो कधी मोडलेला नाही.

पण गमतीपुरतं हे नव्हतं. चौथीतल्या कोमलचे आईवडील दुसऱ्याच दिवशी ऊसतोडीला कोपरगावकडे निघणार होते. तान्ह्या भावाला सांभाळायला दरवर्षी कोमलही जाते आणि तिची शाळा अर्ध्यावर सुटते. यंदा तिला काकूकडे ठेवा म्हणून मनीषाने वडिलांना विनवलं, तर ते म्हणाले, "पाठ केलेलं पोपटबी बोलतो. परक्या मानसासंगं बोलली तं ठिवतो." म्हणजे परीक्षा कोमलची होती आणि परीक्षक मी.

आम्ही राहतो भिंगारला, त्यामुळे पाथर्डीची एसटी अगदी दारातून मिळते. बायकांना तिकीट अर्धं. मैत्रिणींनो, निघायला एवढं कारणसुद्धा पुरे आहे. करंजी घाट चढला की हवा कोरडी होते, दोन्ही बाजूंना तूर आणि कपाशी लागते. सकाळी लवकर निघा, खिडकी पकडा. पाथर्डी स्टँडवर वडापाव खाल्ला, तिखट होता, पण दुसराही खाल्ला. पुढे वस्तीपर्यंत जीप. ती भरल्याशिवाय हलत नाही, आणि 'भरली' कधी म्हणायचं ते फक्त ड्रायव्हर ठरवतो.

शेजारच्या मावशींनी विचारलं, "कुनाकडं?"

"शाळेत. बाजाराला."

"मंग मराठी घरी ठिवून आलीस का? कालच्या सरावात माझ्या नातवानं मला कोथमिरीची जुडी दिली न्हाई. आधी प्लीज म्हन म्हनला!"

शाळेच्या पटांगणात पोती अंथरून दुकानं लागली होती. प्रत्येकापुढे स्वतः लिहिलेली पाटी. कुणी 'फ्रेश मेथी' लिहिलं होतं, एकाने 'गुड वांगी, नो किडा'. मनीषाने एकाही पाटीला हात लावला नव्हता. "माझं अक्षर दिसलं की ती पाटी माझी होते," ती म्हणाली. मला तिचा भयंकर अभिमान वाटला.

कोमल भेंडी घेऊन बसली होती. मागे वडील उभे, हाताची घडी घालून. पोरीने "गुड मॉर्निंग मॅडम, हाऊ आर यू?" झकास म्हटलं. भाव सांगितला, भेंडी तोलली. मग मी, शहाणी, पुस्तकाबाहेरचं विचारायला गेले, की तुझ्याकडूनच का घेऊ? कोमलची मान खाली गेली ती वर येईना. मनीषाचा चेहरा उतरला. मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

तेव्हा वडीलच बोलले. "भेंडीचं ऱ्हाऊ द्या, म्याडम. ऊस कसा तोडत्यात ते इचारा तिला."

मी इंग्रजीत विचारलं. कोमलने मान वर केली.

"फर्स्ट, कट डाऊन. व्हेरी डाऊन. शुगर इज डाऊन. अप कट, लॉस!" तिने हवेत कोयता चालवून दाखवला. "देन कट टॉप. टॉप फॉर बुलक. देन टाय मोळी. माय मदर कॅरी ऑन हेड. मदर फास्ट. फादर स्लो."

मी मराठीत सांगितल्यावर सगळं पटांगण हसलं. वडील सगळ्यात मोठ्याने हसले. मला चेव आला. "अँड यू? व्हॉट डू यू डू देअर?"

"आय होल्ड ब्रदर. ऑल डे. नो फ्रेंड. नो स्कूल."

याचं मराठी करायला मी तोंड उघडलं, तर वडिलांनी हात वर करून मला थांबवलं. 'नो' आणि 'स्कूल' त्यांना येत होतं.

"बारक्याला आमी बघू," ते मनीषाला म्हणाले. "हिला ऱ्हाऊ द्या हितंच."

मनीषा रडली. मी तर तिच्याआधीच सुरू केलं होतं. कोमलने मात्र शांतपणे माझ्या पिशवीत भेंडी ओतली आणि पैशासाठी हात पुढे केला. "प्लीज," ती म्हणाली.

दुपारी कोमलच्या काकूने बाजरीची भाकरी, ठेचा आणि पिठलं वाढलं. तुम्ही गेलात तर हॉटेल शोधू नका, वस्तीवर तुम्हाला कुणी उपाशी सोडत नाही. परतीची शेवटची जीप मात्र आधीच विचारून ठेवा, मी धावतपळत गाठली.

भिंगारला येऊन आता बरेच दिवस झाले. घाट विसरेन, वडापाव बहुधा नाही. मनीषा सांगते, दिवाळीनंतर काकूकडे फोन येऊ लागले, कोपरगावच्या ऊसतोडीच्या तळावरून. कोमल मराठीत बोलायला लागली की वडील तिला थांबवतात. "तसं न्हाई. शाळेतलं बोल," म्हणतात. त्यातलं त्यांना फारसं कळत नाही. पण तिकडे फोन स्पीकरवर असतो आणि सगळी टोळी हातातलं काम टाकून भोवती बसलेली असते.