साडूंचा रिकामा कोपरा

आमच्या शहरात उत्तम संगीत फक्त एका घरात ऐकायला मिळायचं, आणि त्या घरात संगीत वाजवणारं एकही यंत्र नव्हतं. ते घर माझ्या साडूंचं. सिडकोत, आमच्याच गल्लीत, दोन दारं सोडून. घर बांधतानाच त्यांनी भिंतींतून स्पीकरच्या वायरी टाकून घेतल्या होत्या. त्यांची टोकं दिवाणखान्याच्या कोपऱ्यात बाहेर आली आणि वर्षानुवर्षं चिकटपट्टी गुंडाळून तशीच वाट बघत राहिली. एका टोकाला ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, भाजीची पिशवी अडकवायची. कोपऱ्यात मात्र काही ठेवायची तिला परवानगी नव्हती. शिलाई मशीन ठेवून पाहिलं, ते त्याच दिवशी जिन्याखाली गेलं.

निवृत्त होईपर्यंत साडू शेंद्र्याच्या एका कारखान्यात माल तपासून नापास करायचं काम करत. घरी आल्यावर हीच सेवा ते संगीताच्या यंत्रांना देत. सीडी प्लेयर घ्यायचं ठरलं तेव्हा एमपीथ्री आलं; ते त्यांच्या मते गाण्याचा चोथा होता. मग काहीही न गाळलेलं डिजिटल संगीत निघालं, पण ते कुठल्या पद्धतीनं साठवायचं यावर कंपन्यांचं एकमत होईना. पुढे गाणी इंटरनेटवरूनच यायला लागली, आणि ब्लूटूथही म्हणे एका जातीचं नसतं. "थोडं थांबू. यांचं भांडण मिटू दे," साडू म्हणत. "आज यंत्र घ्यायचं आणि उद्या ते फॉरमॅटच राहायचं नाही." सगळ्या कंपन्या समेट करून तसं कळवायला सिडकोत येणार आहेत, इतक्या शांतपणे ते थांबले होते.

थांबले म्हणजे स्वस्थ बसले नव्हते. दर रविवारी ते निराला बाजारातल्या एका दुकानात जात. खिशात एकच भजन निरनिराळ्या फॉरमॅटांत भरलेला पेनड्राइव्ह आणि काखेत घरची सतरंजी, कारण दुकानाची फरशी आवाज परतवते. सतरंजी अंथरून ते मधोमध खुर्ची मांडत आणि एसी बंद करायला लावत.

"काका, एसी बंद केला की गिऱ्हाईक पळतं," करमाडहून येणारा विक्रेता एकदा म्हणाला.

"मग मी कोण आहे?"

"तुम्ही लई जुने आहात, काका. पण गिऱ्हाईक नाय अजून."

चहा मात्र तो न चुकता पाजायचा. इकडे ताई मोबाईल स्टीलच्या पातेल्यात उभा करून गाणी लावायची, म्हणजे जरा मोठ्यानं ऐकू येतात. साडूंना ते सहन व्हायचं नाही. "हे ऐकणं नाही, शिजवणं आहे."

"मग आणा की तुमचं यंत्र. पातेलं घासून ठेवते."

पण खरी मैफल दिवेलागणीला. त्या कोपऱ्याकडे तोंड करून साडू बसत, मला शेजारी बसवत आणि सांगत, "तानपुरा इथं, खाली, जमिनीलगत. तबला खिडकीच्या पडद्याच्या जरा अलीकडे. आणि गाणाऱ्यानं श्वास घेतला की तो तुम्हाला आधी कळेल, सूर मागून." बोलता बोलता ते ऐकू लागत. बाहेर कोणी गेट लावी, उजेड भिंतीवरून सरकत वायरींपर्यंत येई. मला असं एखादं वेड घेतलेल्या माणसांची बरीच सवय आहे आणि त्यांच्यावर माझा विश्वास नाही. तरी खरं सांगतो, एकदोनदा पडद्याच्या अलीकडे काहीतरी वाजल्यासारखं मला वाटलं होतं.

त्यांच्या कानांबद्दल गल्लीत दुमत नव्हतं. आमच्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड आणि भलत्या वेळी येतं. त्याआधी कोरड्या पाइपातून हवा बारीक शीळ घालते. ती आधी साडूंना ऐकू यायची. ते गॅलरीत येऊन नुसते टाळी वाजवत आणि गल्लीभर ड्रमांची झाकणं उघडत.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी पाणी येऊन गेलं. साडू खुर्चीतच होते, जागे. संध्याकाळी शेजारच्या चाची रिकामी बादली घेऊन गेटात उभ्या राहिल्या. "क्या भाईसाब, आज खबर नै दिये तुम?" ताईनं आपल्या ड्रममधलं उरलेलं पाणी चाचींना दिलं.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं की वयानं बारीक आवाज गेलेत, बाकीचेही हळूहळू जातील. पुढच्या रविवारी साडू मला घेऊन दुकानात गेले. काखेत सतरंजी नव्हती. विक्रेत्यानं न सांगता एसी बंद केला.

"पेनड्राइव्ह द्या, काका."

"राहू दे. ते काचेतलं यंत्र वाजतं ना?"

"वाजतं. कुठली कुठली फॉरमॅट घेतं ते सांगू का?"

"नको. बांध."

विक्रेता माझ्याकडे बघत राहिला. त्या दिवशी चहा सांगायचं त्याला सुचलं नाही.

ताईनं वायरीवरची पिशवी काढली. यंत्र कोपऱ्यात बसलं, भजन सुरू झालं. साडूंनी डोळे मिटले. मग डोळे न उघडता त्यांनी विचारलं, "तबला पडद्याच्या जरा अलीकडे आहे ना?"

मला तबला कुठून येतो ते आयुष्यात कधी कळलेलं नाही. मी म्हणालो, "जरा अलीकडेच."

तेवढ्यात मोरीतल्या नळानं शीळ घातली. मलासुद्धा ऐकू आली. मी साडूंकडे पाहिलं. ते तसेच होते, बोटानं मांडीवर ताल धरून. मी उठणार, तर ताईनं हातानंच मला बस म्हटलं. ती अलगद आत गेली, तिनं ड्रमचं झाकण आवाज न करता उतरवलं आणि धार वाजू नये म्हणून नळाला जुनं फडकं गुंडाळलं.