दोन हजार पाचशे वीस चिंचोके

माझे वडील सोलापुरात मास्तर होते आणि त्यांची शाळा घरी आल्यावरही सुटत नसे. एका उन्हाळ्यात त्यांनी मला आणि शेजारच्या विणकराच्या मुलीला कोडं घातलं. एकापासून दहापर्यंत प्रत्येकानं पुरता भाग जाईल अशी सगळ्यांत लहान संख्या कोणती?

मी एकापासून दहापर्यंत सारं गुणून छत्तीस लाख अठ्ठावीस हजार आठशेवर पोचले आणि ऐटीत पाटी पुढे केली. ही लहान का, असं वडिलांनी विचारलं आणि मैत्रीण खुदकन हसली. मला राग आला. तेव्हा मला राग यायला फारसं कारण लागत नसे. पण आठात दोन आणि चार आलेच, ते पुन्हा कशाला गुणायचे, हे तिलाच सुचलं. मग नवात तीन आले, हे मी घाईनं सांगून टाकलं. शेवटी आठ, नऊ, पाच आणि सात एवढेच उरले. गुणाकार आला दोन हजार पाचशे वीस.

तिला पाटीवरचं पटेना. त्यांच्या घरी मागासाठी ताणा, म्हणजे उभे धागे, लावताना एकेक धागा हाताखालून गेल्याशिवाय कुणी आकड्यावर विश्वास ठेवत नसे. मग आम्ही गल्लीभर हिंडून तेवढे चिंचोके जमवले. गिरणीचा दुपारचा भोंगा झाला की ते अंगणात मांडायचे, आज दोन-दोन, उद्या तीन-तीन, असं दहापर्यंत. दर वेळी शेवटची ओळ पुरी भरली. तसा निखळ आनंद मला पुढे फार थोड्या गोष्टींनी दिला. चिंचोक्यांचं मडकं आमच्याकडे राहिलं.

पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं. ती नव्या लुगड्यांचं कौतुक सांगत होती आणि मी फुगून बसले होते. तिचं सासर वळसंगला, ते काही लांब नाही, पण तिचा साधा निरोप आला नाही. ही मला विसरली, असं मी धरूनच चालले. त्या विचारानं जेवण जाईना.

एका दुपारी मडकं उपडं केलं. दोन-दोन मांडले, शेवटच्या जोडीला एक कमी. तीन-तीन मांडले, तिथंही एकच कमी. चार, पाच, सहा, कसेही मांडले तरी तेच. दहाच्या शेवटच्या ओळीत नऊच निघाले. मी उंदरांना मनसोक्त शिव्या घातल्या.

पंचमीला ती माहेरी आली. मी तोंड फिरवलं. तिनं पदराची गाठ सोडली आणि एक चिंचोका माझ्या हातावर ठेवला. सासरी जायच्या सकाळी तिनंच तो मडक्यातून उचलला होता.

"तू मांडून बघशील म्हाईत होतं की," ती म्हणाली. "कसंबी मांडलंस तरी एक कमीच पडनार. मलाबी तितं तसंच होतंय."

मला रडू आवरेना. चार दिवसांनी ती परत निघाली, तेव्हा तो चिंचोका मी स्वतः तिच्या पदरात बांधला. मडक्यात दोन हजार पाचशे एकोणीसच राहू दिले.